निमोचा बाप आई झाला असता, पण निमो घरात नसता

दर काही महिन्यांनी ‘फाइंडिंग निमो’ या ॲनिमेशनपटावरची तीच पोस्ट फिरून येते: ‘सिनेमाने फसवलं! खऱ्या समुद्रात निमोची आई गेल्यावर बाप लगेच मादी झाला असता आणि त्याने पोराशीच जोडी जमवली असती.’ वर पुस्ती अशी, की निमोच्या जातीच्या माशाला, म्हणजे क्लाउनफिशला, तो ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या ॲनिमोनचं (खडकाला चिकटून असणाऱ्या, डंख मारणाऱ्या समुद्री प्राण्याचं) विष जन्मापासूनच बाधत नाही.

यातलं खरं ते आधी. क्लाउनफिश सुरुवातीला मादी नसतोच. एका ॲनिमोनमध्ये सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि मागे उतरत्या आकाराचे काही छोटे मासे, ज्यांचा प्रजननाचा नंबर अजून लागलेला नाही. मादी गेली की नराला बढती. परतीची वाट मात्र नाही. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही.

‘लगेच’ म्हणाल तर दादागिरी तेवढी लगेच सुरू होते. आधी मेंदू बदलतो, जननग्रंथी मागाहून, आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

आता ‘पोराशीच’. अंडी ॲनिमोनच्या बुडाशी खडकावर चिकटवलेली असतात. नर त्यांना परांनी वारा घालत बसतो, मेलेली अंडी तोंडाने उचलून टाकतो. साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर ती फुटतात आणि काही मिलिमीटरची पारदर्शक पिल्लं थेट मोकळ्या पाण्यात निघून जातात. बापाशी संबंध तिथेच संपला! दहा-बारा दिवसांनी ती प्रवाळावर उतरतात. पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेटावर 2007 मध्ये असं दिसलं, की तिथे नव्याने वस्तीला आलेल्या पिल्लांपैकी सुमारे 60 टक्के तिथेच जन्मलेली होती. म्हणजे गावात परततात. घरात मात्र नाही: त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एकाच ॲनिमोनमधल्या माशांचा डीएनए तपासला, तर ते एकमेकांचे कुणीच लागत नव्हते. त्यामुळे मोकळ्या जागेवर येतो तो रांगेतला पुढचा मासा, आणि तो परका असतो. ही रांगही भलतीच शिस्तीची. प्रत्येक जण वरच्यापेक्षा थोडा लहानच राहतो, कारण बरोबरीला आला तर हाकलला जातो, आणि ॲनिमोनबाहेर त्याला कोणीतरी गिळतं.

म्हणजे सिनेमाची चूक काढायचीच तर ती बापाच्या लिंगाआधी पोराच्या पत्त्यात आहे. पोस्ट लिहिणाऱ्याने नेमकी तीच चूक जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावर इमला चढवला.

राहिलं विष. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू ॲनिमोनला चिकटलं तर मरतं. संरक्षण येतं ते पारदर्शक पिल्लाचं छोट्या माशात रूपांतर होतं त्या वेळी, अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात त्या सुमारास, आणि त्यात अंगावरच्या बुळबुळीत थराचा मोठा वाटा आहे. काही जातींचे मोठे मासेसुद्धा नव्या ॲनिमोनमध्ये एकदम घुसत नाहीत. शेपटी टेकवायची, दचकून मागे व्हायचं, मग पोट घासून पाहायचं, असं बराच वेळ चालतं.