१५ जून ही तारीख आहे, मान्सून नव्हे

प्रतिक्रियेबद्दल आभार. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या मान्सूनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘मान्सून १५ जूनला सुरू होतो, हे तिथल्या हवामान विभागानेच ठरवलंय. घरबसल्या शब्दांचा कीस कशाला?’

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘घरबसल्या’ कशावरून? ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात मी इतके उन्हाळे काढलेत की ओल आली की ती आधी अंगाला कळते, आकडे मी नंतर बघतो. तुम्ही तिथे किती राहिलात, ते लिहिलेलं दिसलं नाही.

फॅरनहाइटसोबत सेल्सिअसही द्यायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं रास्त. खाली दिलंय.

आता १५ जून. ही तारीख २००८ पासूनची. त्याआधी फिनिक्समध्ये सरासरी दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो; जितका वर, तितकी हवेत ओल जास्त) सलग तीन दिवस ५५ अंश फॅरनहाइट (सुमारे १२.८ सेल्सिअस) किंवा त्याहून वर राहिला, की मान्सून लागला असं धरत. तिथल्याच टुसॉन शहरात हाच आकडा ५४. या हिशेबाने तो साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात यायचा. पुढे विभागाने १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरावीक हंगाम केला, तो लोकांनी धुळीची वादळं, विजा आणि अचानक येणारे पूर यांच्याबाबत वेळेत सावध व्हावं म्हणून. सोय उत्तम आहे. पण उच्च दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून वारे फिरेपर्यंत कॅलिफोर्नियाच्या आखातातली ओल वाळवंटात पोहोचत नाही, आणि जूनच्या मध्यावर बहुतेक वर्षी हवा ठणठणीत कोरडी असते. २०२३ मध्ये तर अख्ख्या हंगामात फिनिक्सला ०.१५ इंच, म्हणजे ४ मिलिमीटरहूनही कमी पाऊस झाला. नोंदींमधला सर्वांत कोरडा मान्सून. त्या वर्षीही तो १५ जूनला सुरू झाला, असं मला म्हणवत नाही.

दवबिंदूची कसोटी निर्दोष नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. एखाद्या चक्रीवादळाचे अवशेष जूनमध्येच ओल आणतात आणि निघून जातात. कधी ओल असूनही थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच विरतात. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. तरी ती कसोटी निदान हवेकडे बघते.

‘केरळात १ जून, तसं इथे १५ जून’ हे तुमचं म्हणणंही चूक. १ जून ही तिथली सर्वसाधारण तारीख. आगमन जाहीर होतं ते ठरलेल्या केंद्रांवरचा सलग दोन दिवसांचा पाऊस, वारे आणि ढग तपासूनच.

लेखाची लांबी वगैरे बाकीच्या तक्रारींना उत्तर देत नाही. पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा.