सर बर्नार्ड फील्डन आणि ठाण्यातल्या जुन्या भिंती

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि ती वाचताना मला सर बर्नार्ड फील्डन या ब्रिटिश वास्तुविशारदाची हटकून आठवण होते. जुन्या वास्तूंच्या जतनाला ज्यांनी शास्त्राची शिस्त लावली, त्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. आपल्याकडे त्यांचे नाव वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

फील्डन यांचा जन्म १९१९चा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील नॉरिच येथे त्यांनी व्यवसाय सुरू केला आणि पुढे नॉरिच, यॉर्क व लंडनचे सेंट पॉल्स अशा तीन कॅथेड्रलांची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची, देखभाल त्यांच्याकडे आली. यांपैकी यॉर्कचे काम सविस्तर सांगण्याजोगे आहे. १९६५ मध्ये त्यांनी त्या वास्तूची पाहणी सुरू केली, तेव्हा मधल्या अवाढव्य मनोऱ्याला तडे गेलेले होते आणि त्याचा भार पेलणारा पाया खचत होता. नव्या पायासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा खाली आधीच्या नॉर्मन चर्चचे आणि त्याहूनही जुन्या रोमन लष्करी ठाण्याचे अवशेष सापडले. मग अभियंते आणि पुरातत्त्वज्ञ एकाच खड्ड्यात, एकमेकांना सांभाळून काम करू लागले. जुन्या पायाभोवती काँक्रीटची कडी घालून त्यातून स्टेनलेस स्टीलचे गज ओवण्यात आले, आणि १९७२ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा मनोरा जागच्या जागी होता व खालचा रोमन इतिहासही लोकांना पाहता येऊ लागला.

मला मात्र त्यांचे याहून मोठे देणे वाटते ते नियमित तपासणीच्या आग्रहाचे. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून पाहणी होते; ही पद्धत १९५५च्या कायद्याने बंधनकारक झाली. फील्डन यांनी हीच शिस्त जतनाच्या केंद्रस्थानी ठेवली: आधी पाहा, नोंद ठेवा, बिघाडाचे कारण शोधा, आणि मग कमीत कमी हात लावा. या क्षेत्रातली एक जुनी युक्ती मला फार आवडते. भिंतीच्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट बसवून तिच्यावर तारीख लिहायची. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे हे कळते. शाबूत राहिली, तर निदान घाईने पाडापाडी करण्याचे कारण उरत नाही.

आता आपल्याकडे पाहा. मासुंदा तलावाच्या आसपासच्या जुन्या वस्तीत किंवा चेंदणीत चुन्यात बांधलेली, कौलारू घरे अजून तग धरून आहेत. अशा घराची पन्हळ फुटते, पाणी वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात मुरते, तिथे पिंपळाचे रोप मूळ धरते, आणि मग कोणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा थापून मोकळे होते. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. सिमेंट ती कोंडून ठेवते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, आतला चुना भुसभुशीत होतो, आणि ‘जुने बांधकाम आहे, कुजायचेच’ असा निकाल देऊन सगळे हात झटकतात. पन्हळ वेळीच बदलली असती, तर किती खर्च आला असता? जुन्या देवळांच्या दगडावर ऑइलपेंट चढवणे आणि त्यावर टाइल्स बसवणे हाही याच अनास्थेचा प्रकार आहे. श्रद्धा खरी असते, पण दगडाचा श्वास कोंडतो.

१९७७ ते १९८१ या काळात फील्डन रोममधील इक्रोम या सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमुख होते, आणि पुढे वारसा जपणाऱ्या आपल्या इन्टॅक या भारतीय संस्थेसाठी त्यांनी भारतातील वास्तूंच्या जतनाची तांत्रिक मार्गदर्शिका लिहिली; ती १९८९ मध्ये निघाली. म्हणजे त्यांचा विचार आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. २००८ मध्ये ते गेले.

तीस वर्षांपुढच्या इमारतींना आपल्या कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, ते आवश्यकच आहे, आणि माणसांच्या जिवापुढे कोणतीही भिंत मोठी नाही. परंतु काँक्रीटच्या सोसायटीला लावायच्या कसोट्या चुन्यातल्या भिंतीला जशाच्या तशा लावून चालणार नाहीत. ठाण्यातल्या जुन्या वास्तूंसाठी संवर्धन जाणणाऱ्या वास्तुविशारदाकडून वेगळी पाहणी व्हावी, तिच्या अहवालात डागडुजीचा स्वतंत्र रकाना असावा, आणि चुन्याचे काम येणारे गवंडी त्यासाठी नव्याने तयार केले जावेत, अशी माझी पालिकेकडे आणि आपल्या वास्तुकला महाविद्यालयांकडे कळकळीची मागणी आहे.