‘त्यांना काय आठवणार आहे?’

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. वर लिहिलंय ‘एका बालरोगतज्ज्ञाचा कळकळीचा सल्ला’, खाली नाव कुणाचंच नाही. मला तो पाच जणांनी पाठवला, कारण आम्ही नेमकं तेच करून आलोय ज्याच्याविरुद्ध तो लिहिलाय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सात वर्षांच्या आतल्या मुलांना घेऊन महिनोन्‌महिने फिरणं हा आईबापांचा स्वार्थ आहे. मुलांना त्यातलं काही आठवत नाही. शाळा बुडते आणि मूल कायमचं मागे पडतं. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे बघा म्हणजे कळेल’. बाहेरच्या अन्नपाण्याने ती आजारी पडतात. लहान मुलाला एक घर, एक जागा लागते. हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्याकडे असं कधी नव्हतं. आणि शेवटी, आजी-आजोबांपासून मूल तुटतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आम्ही नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन निघालो. लेक साडेपाच वर्षांची, मुलगा सोळा महिन्यांचा. नवरा लोकांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं बघतो, मी प्रुफं तपासते. दोघांची कामं लॅपटॉपवर होतात. तमिळनाडूत तंजावर, केरळात कोची, हिमाचलात पालमपूर असं राहत राहत जूनमध्ये शाळा उघडायच्या आत परतलो. मेसेज पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे हे मला कळतं, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते. जिथे मेसेज बरोबर आहे तिथे तसं सांगेन.

‘त्यांना काही आठवत नाही.’ अर्धं खरं आहे. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्यामुळे मुलाला यातलं काहीही आठवणार नाही, हे निघतानाच आम्हाला माहीत होतं. लेकीचं तसं नाही. पाच वर्षांच्या मुलाला तिसऱ्या वर्षीचंही बरंच आठवतं. सात-आठाच्या सुमारास त्यातलं बरंचसं पुसट होतं, पण घरातली माणसं त्या प्रसंगांबद्दल खोदून खोदून बोलत राहिली तर जास्त टिकतं. आम्ही रोज जेवताना बोलतो. तिला तंजावरच्या देवळाचं शिखर फारसं आठवत नाही. घरमालकीणबाई, जिला ती पाट्टी म्हणजे आजी म्हणायची, रोज जिन्यातून ‘साप्टाच्चा?’ म्हणजे जेवलीस का, असं विचारायची ते आठवतं. ओण्णु, रेंडु, मूणु असं वीसपर्यंत म्हणायची, त्यातलं आता पाचापर्यंतच उरलंय. भाषा वापरात नसली की जातेच, त्याचं मला वाईट वाटतं.

पण आठवण राहावी म्हणून आम्ही निघालोच नव्हतो. नाशिकला माझा नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा आणि परत यायचा तेव्हा मुलगा झोपलेला असायचा. तंजावरला तो पहाटे पाच ते अकरा काम करायचा आणि पुढचा दिवस मुलांबरोबर असायचा. मुलगा झोपेतून दचकून उठला की आधी फक्त मला शोधायचा. दोन महिन्यांनी तो बापाच्या खांद्यावरही शांत व्हायला लागला. हे त्याला कधी आठवणार नाही, आणि तरी ते झालं.

‘शाळा बुडते.’ इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच घातली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीत जायचं वय सहा पूर्ण. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आमच्या लेकीची जी ‘बुडाली’ ती सीनियर केजीची सहामाही. आणि मूल मोठं असून खरोखर वर्ष बुडलं, तरी त्याच कायद्याचं चौथं कलम म्हणतं की त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. पाचव्या कलमाप्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. ‘कायमचं मागे पडतं’ हे कुठून आलं?

अडचण आली ती वेगळीच. लेकीच्या खासगी शाळेने जागा राखून ठेवायला नकार दिला आणि भरलेली फीही परत केली नाही. हे आधी माहीत असायला हवं होतं. परतल्यावर आम्ही तिला महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीत घातलं. निघायचा विचार करणाऱ्यांनी शाळेशी बोलून घ्यावं, आणि जे ठरेल ते लेखी घ्यावं.

आणि ती शिकली काय? तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. अक्षरं देवनागरी. लेक तेव्हा नुकती अक्षरं जुळवायला लागली होती. कित्येक दिवस तिच्या अवतीभवती फक्त तमिळ पाट्या होत्या, ज्या तिला वाचता येत नव्हत्या, आणि अचानक दगडात ‘म’ दिसला. मग ‘र’. ती भिंतीला बोट लावून चालत सुटली. ओळखीचं अक्षर आलं की मोठ्याने म्हणायची, नाही आलं की माझ्याकडे बघायची. पुढचे बरेच दिवस संध्याकाळी तिला तिथेच जायचं असायचं. मी अठरा वर्षं प्रुफं वाचतेय, अक्षरासाठी असा जीव टाकणारं माणूस फार पाहिलेलं नाही.

आता ऊसतोडीच्या मुलांबद्दलचं ते वाक्य. ते मला लागलं. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, बाहेर राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. अंधारात दोघं फडात जातात आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळत बसते. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहं निघाली, तरी कितीतरी मुलं दोन्हीकडून निसटतात. त्या मुलांची शाळा प्रवासाने बुडत नाही. फडाजवळ शाळा नसते, आईबापांना थांबायची मुभा नसते, म्हणून बुडते. त्यांच्या हलाखीचा दाखला देऊन मला घाबरवणाऱ्याने निदान एवढं तरी म्हणावं की मुक्कामाच्या ठिकाणी वर्ग भरवणं ही सरकारची आणि कारखान्यांची जबाबदारी आहे. मेसेजमध्ये ते कुठेच नाही.

‘आजारी पडतात.’ पडतात. कोचीत मुलाला तीन दिवस जुलाब झाले, आणि परक्या गावात रात्री दोन वाजता तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसणं काय असतं ते मी विसरणार नाही. पण नाशिकच्या पाळणाघरातही तो महिन्याआड सर्दी-तापाने पडायचाच. प्रश्न तयारीचा आहे. ओआरएसची पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं बघून घ्यायची. नुसतं गोड पेय त्या जागी चालत नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. दूध आणि जेवण बंद करायचं नाही. जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक १४ दिवस पूर्ण द्यायचं. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायच्या बूस्टर लशी त्याला तंजावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळाल्या, फुकट. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर होतं, नर्सबाईंनी त्यावरच नोंद केली. भाषा एकमेकींना येत नव्हती, पण कार्डावरचे रकाने दोघींनाही वाचता येत होते.

आणि काही ठिकाणी जायचंच नाही. लेहला जावं असं नवऱ्याच्या फार मनात होतं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास झाला तर मोठं माणूस डोकं दुखतंय असं सांगतं, दीड वर्षाचं मूल नुसतं रडतं, आणि ते दातांसाठी रडतंय की डोक्यासाठी हे कळायला मार्ग नसतो. म्हणून उन्हाळा आम्ही पालमपूरला काढला, जेमतेम १,२०० मीटरच्या आसपास. माकडं-कुत्री मात्र तिथेही होती. ओरखडा जरी उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जायचं, हे आम्ही लेकीकडूनही पाठ करून घेतलं होतं, कारण मुलं ओरखडे लपवतात.

‘एक जागा लागते.’ या मुद्द्यात मेसेज लिहिणाऱ्याच्या हाती खरं काहीतरी लागलंय, पण त्याने ते चुकीच्या गोष्टीवर लावलंय. पहिल्या एकोणीस दिवसांत आम्ही हुबळी, बदामी, हंपी, म्हैसूर, उटी असं केलं. दर तीन-चार दिवसांनी बॅगा. तीन वर्षांपूर्वी बंद झालेलं लेकीचं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. मुलगा अंगावरच्या दुधाशिवाय काही तोंडात घेईना. तो आमचा दोष होता. आम्ही आठ महिन्यांचा प्रवास आठ दिवसांच्या सहलीसारखा करायला निघालो होतो. उटीच्या बसस्टँडवर बसून ठरवलं की यापुढे तीन आठवड्यांच्या आत जागा सोडायची नाही. तंजावरला सात आठवडे राहिलो. तिथे लहान कुकर, वरण-भात, आजीने शिवलेली गोधडी, झोपताना तीच चिमणी-कावळ्याची गोष्ट. आठवड्याभरात गादी कोरडी राहायला लागली. मुलांना हवं असतं ते ठरलेलं जेवण, ठरलेली झोप आणि ठरलेली माणसं. ते नाशिकमध्ये मिळतं तसं तंजावरमध्येही मिळतं. धावपळीत मात्र कुठेच मिळत नाही, मग ती चार दिवसांच्या महाबळेश्वर-पाचगणीची का असेना.

‘पैसेवाल्यांचे चोचले.’ बाहेरून काम करता येणारी नोकरी आणि भाड्याने देण्यासारखं घर, हे सगळ्यांकडे नसतं. ते आमच्याकडे होतं. पण चोचले नव्हते. फ्लॅटच्या भाड्यात तंजावरच्या दोन खोल्या आणि किराणा निघायचा. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल वेगळी जागा न घेता फुकट जातं, पाच ते बाराच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट. लांबच्या गाडीत आम्ही लेकीसाठी पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्यायचो, कारण रात्रीची झोप मोडली की पुढचे दोन दिवस जायचे. आणि ‘आपल्याकडे असं कधी नव्हतं’ म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर कोकणात उतरणारा धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा तांडा, पाहिलेला नाही. घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोकरं, कोंबड्या आणि चालता न येणारी पोरं एकत्र असतात. शेताशेतांत मेंढरं बसवत ती माणसं पावसाच्या तोंडावर परत वर येतात.

राहिला आजी-आजोबांचा मुद्दा. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. सासूबाई पोंगलला तंजावरला आल्या, तीन आठवडे राहिल्या, बृहदीश्वराच्या मोठ्या नंदीला भाज्या-फळांनी सजवतात ते बघून हरखल्या. सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, गुडघे दुखतात, ते आले नाहीत. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, मुलगा पडद्यावरच्या आबांना टाटा करायचा. जूनमध्ये घरी पोचलो तेव्हा आबा दारातच हात पसरून उभे होते आणि पोरगं माझ्या ओढणीत तोंड लपवून रडायला लागलं. दोन दिवस त्यांच्याकडे गेलं नाही. आबा काही बोलले नाहीत, पण त्या दोन दिवसांत ते एरवीपेक्षा लवकर झोपायला जायचे. मेसेजमधलं हे एक वाक्य ज्याने लिहिलं त्याला मी काय उत्तर देऊ?

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पालमपूरला पाच आठवडे जायचं ठरलंय, आबांसकट. जुन्या घरमालकांना फोन करून झालाय. खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेली हवी, एवढीच आबांची अट आहे.