भाऊजी, त्या वॅगनच्या मागच्या सीटवर नातवंडं बसवू नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. वर १९६६ च्या फोर्ड कंट्री स्क्वायरचा चकचकीत फोटो आणि खाली मजकूर: अस्सल लाकडी बॉडीची स्टेशन वॅगन, मोजक्याच बनल्या, जुन्या पोलादाची, त्यामुळे आजच्या ‘प्लॅस्टिकच्या’ गाड्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित, सोन्यापेक्षा जास्त परतावा, शिवाय पन्नास वर्षं उलटल्यामुळे भारतात न्यायला ड्यूटी शून्य. शेवटी ‘संग्राहकांनो, त्वरा करा!’

एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही. पण न्यू जर्सीतले माझे थोरले दीर नुकतेच निवृत्त झालेत, ते बयाणा द्यायला निघालेत, आणि ‘शनिवार-रविवार नातवंडांना मागच्या सीटवर बसवून फिरवीन’ असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं काम करते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

लाकडाचं आधी उरकून टाकते. १९६६ च्या स्क्वायरमध्ये बाहेरून लाकूड नावालाही नाही. पत्र्यावर चिकटवलेली लाकडाच्या नक्षीची व्हिनाइल फिल्म आणि कडेने फायबरग्लासच्या पट्ट्या, एवढंच. खरं लाकूड होतं ते १९५० आणि १९५१ च्या गाड्यांना. मिशिगनच्या उत्तर भागात आयर्न माउंटनला फोर्डचा स्वतःचा कारखाना होता, स्वतःची जंगलं होती, तिथून मेपल आणि बर्च यायचं. (त्याच कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून विकायला सुरुवात झाली, बार्बेक्यूसाठी आपण किंग्सफर्डची पिशवी आणतो, तिचं मूळ ते.) १९५२ पासून बॉडी पूर्ण पोलादाची झाली. खात्री करायची तर दारावरच्या ‘लाकडा’ला चुंबक लावा. आणि दाराच्या कडेला फिल्म आत वळवलेली असते तिथे बोट फिरवा. फुगवटा लागला तर खाली गंज आहे, आणि तो फोटोत दिसत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तो मुद्दा. ‘जुनं पोलाद, म्हणून सुरक्षित.’ हे वाक्य इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी पुढे ढकललंय की संताप येतो.

२००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या हायवे सेफ्टी इन्स्टिट्यूटने आपल्या पन्नाशीनिमित्त एक चाचणी केली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने, ताशी ४० मैलांनी एकमेकींवर आदळवल्या. वजनात दोघींत फारसा फरक नव्हता. बेल एअरचं पुढचं दार उघडलं, समोरची काच पूर्ण निखळून गेली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड आत घुसून ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आले. मालिबूची बसायची जागा जवळपास जशीच्या तशी राहिली. तिच्या पुतळ्याला लागलं असतं ते पायाला, तेही किरकोळ. व्हिडिओ यूट्यूबवर आहे. भाऊजी, तो एकदा आवाज बंद करून बघा. ‘बेल एअरचं इंजिन काढून ठेवलं होतं’ अशी आवई तेव्हा उठली होती. इंजिन होतं.

आता कुणीतरी म्हणेलच की बेल एअरची चौकट, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते तो खालचा पोलादी सांगाडा, एक्स आकाराची होती आणि ६६ च्या फोर्डची कडेकडेने फिरणारी. बरोबर आहे. तेवढं फोर्डचं श्रेय मी देते, आणि हुबेहूब तसंच होईल असं म्हणत नाही. पण त्या फोर्डलाही पुढे चुरगळून धक्का पिणारा भाग नाही, स्टिअरिंगचा दांडा दबत नाही, खांद्यावरून येणारा पट्टा नाही. गाडी मोडली नाही म्हणजे धक्का नाहीसा झाला असं नसतं. तो आत बसलेल्यांच्या बरगड्यांत जातो.

त्यात ब्रेक. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना मिळून ऑइलचा एकच मार्ग. एक नळी फुटली की पेडल थेट फरशीला. दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑइलचे दोन वेगळे मार्ग, एक गेला तरी दुसरा चालतो, तो फोर्डने पुढच्या वर्षी, १९६७ ला दिला. जवळजवळ दोन टनांची गाडी उतारावर दोनचारदा दाबून धरली की ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते.

आणि ती मागची सीट. सामानाच्या जागेत समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा दोन आडव्या सीट आहेत. मुलांचं तोंड रस्त्याच्या दिशेला नाही, बाजूला. पाठीमागच्या धडकेत त्यांच्यात आणि धडकणाऱ्या गाडीत फक्त मागचं दार. आजच्या चाइल्ड सीट आडव्या सीटवर बसवायच्या नसतात, हे त्यांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं. फॉरवर्डमध्ये वर सल्ला दिलाय की ‘मागची काच बटणाने खाली करा, मुलांना छान वारा लागेल.’ वॅगनचा मागचा भाग चौकोनी असल्यामुळे चालत्या गाडीमागे हवेची पोकळी तयार होते. मागची काच उघडी असली की सायलेन्सरचा धूर तीतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि तो सगळ्यात आधी पोचतो मागे बसलेल्या पोरांपर्यंत. ज्याने हे लिहिलंय त्याने ही गाडी चालवलेली नाही, एवढं नक्की.

‘मोजक्याच बनल्या’ ही थाप. कंट्री स्क्वायर १९५० पासून १९९१ पर्यंत बनत होती आणि लाखांनी खपली. चांगल्या अवस्थेत उरल्यात कमी, हे मात्र खरं आहे, मान्य करावं लागतं. घरोघरी त्या राबल्या, हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजल्या, आणि बऱ्याचशा गाड्या एकमेकींवर आदळवायच्या डर्बीत संपल्या. म्हणून मूळ रंगाच्या, न गंजलेल्या वॅगनला भाव येतो, हेही खरं. पण सोन्याला दरवर्षी विमा, शेडचं भाडं आणि कार्बोरेटरची साफसफाई लागत नाही. तिथेच हिशोब संपला.

राहिली ड्यूटी. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणायला परवानगी मिळते, आणि ‘परवानगी’चं ‘माफी’ कुणीतरी करून टाकलंय. ड्यूटी भरावीच लागते आणि ती दणदणीत असते. पुढे २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायचा, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. त्या नंबरावर गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती नाहीतर पेट्रोल भरण्यापुरती. पुण्याहून गणपतीला कोकणात हा बेत त्यात कुठेच बसत नाही, भाऊजी.

बयाणा द्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून आधी गाडीच्या नंबरप्लेटचा नाही, व्हिनचा, म्हणजे कारखान्याने गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा फोटो मागवा. १९८१ च्या आधीचा व्हिन सतरा अक्षरी नसतो, त्यामुळे ऑनलाइन इतिहास मिळत नाही. पण ६६ च्या फोर्डमध्ये पाचवं अक्षर इंजिनचं असतं (पुढचे आकडे इंजिनचा आकार, घन इंचांत): ‘सी’ म्हणजे २८९, ‘झेड’ म्हणजे ३९०, ‘क्यू’ म्हणजे ४२८. जाहिरातीत ४२८ लिहिलंय. अक्षर ‘सी’ निघालं तर पुढचं बोलणंच नको.