इंद्रजाल बंद पडलं म्हणून वेताळ बेवारस होत नाही

'इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद झालं, तेव्हा त्यातल्या जुन्या वेताळकथांवर (म्हणजे फँटमच्या चित्रकथांवर) आता कुणाचाच हक्क नाही. कुणीही संग्रह छापावेत,' असा मजकूर सध्या फिरतोय. संग्रह निघायला हवेत, हे शंभर टक्के मान्य. हक्काचं मात्र साफ चुकलंय.

वेताळ हा मुळात ली फॉक यांचा. १९३६ पासून तो अमेरिकी वृत्तपत्रांतल्या चित्रपट्टीत येऊ लागला आणि त्याचे हक्क किंग फीचर्स सिंडिकेट या अमेरिकी कंपनीकडे आहेत. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ पासून त्या कथा इंद्रजालमधून इथे छापल्या, मराठीतही आणल्या. छापणाऱ्याने दुकान बंद केलं म्हणून मूळ मालकाचा हक्क संपत नाही. इंद्रजालमधल्या जादूगार मँड्रेकचंही तेच.

'जुने अंक स्कॅन करा, बांधून टाका' हा सल्लाही तितकासा बरोबर नाही. रोजच्या आडव्या पट्ट्या पानात बसवताना इंद्रजालने चौकटी कापल्या, काही गाळल्या, वेताळाच्या 'बंगाला' या काल्पनिक देशाचं नाव बदलून 'डेंकाली' केलं. वेताळाचे चित्रकार साय बॅरी यांची रेखाटनं पुरती बघायची तर मूळ पट्ट्याच हव्यात. पण बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं त्यात कुठून येणार? ती इंद्रजालचीच मिरास! चांगल्या संग्रहात दोन्ही हवं, म्हणजे परवानग्याही त्या-त्या ठिकाणाहून आल्या.

आणि इंद्रजालमधलाच दुसरा नायक बहादूर, त्याला या यादीत कोंबू नका. तो आबिद सुरतींचा, १९७६ चा, अस्सल इथला. त्याचा हिशेब वेगळा. माझं विचाराल तर पहिला संग्रह त्याचाच निघावा.