पारंपरिक ज्ञान आलं की विज्ञान मागे पडतं?

कॅनडात मासेमारीचे नियम ठरवताना आदिवासी समाजांचं ज्ञान विचारात घ्यावं, असा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: हे ज्ञान तपासता येत नाही, विज्ञानाशी त्याचा मेळ बसत नाही, आणि खरा हेतू जास्त मासे पकडायला मिळावेत एवढाच असतो. एकेक मुद्दा घेऊ.

"तपासता येत नाही." तपासलं गेलेलं आहे. व्हेल हा खरं तर मासा नव्हे, पण समुद्रात किती उरलेत हे मोजण्याचा प्रश्न तोच. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने अलास्कातल्या इन्युपियाट लोकांच्या बोहेड व्हेलच्या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हे व्हेल फार तर दोन हजार उरले होते. ही मोजणी बर्फाच्या कडेवर बसून व्हायची: समोरच्या मोकळ्या पाण्यातून जाताना दिसले तेवढे व्हेल मोजायचे. शिकाऱ्यांचं म्हणणं होतं की पाणी गोठलं म्हणून ते थांबत नाहीत. बर्फाखालून जातात, डोक्याने पातळ बर्फ फोडून श्वास घेतात, आणि कित्येक तर कडेवरून दिसणारच नाहीत इतक्या लांबून जातात. मग पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले, विमानातून पाहणी केली, आणि शिकारी खरे ठरले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अंदाज आठ हजारांच्या आसपास पोचला. त्यातली काही वाढ खरीखुरी होती, पण आधीचा आकडा फारच कमी धरला होता हे उघड झालं.

उलट बाजूची चूकही झाली आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडचे किनाऱ्यालगतचे मच्छीमार (हे आदिवासीच होते असं नाही) १९८० च्या दशकात सांगत होते की कॉड मासा कमी आणि लहान मिळतोय. सरकारी अंदाज मात्र बड्या ट्रॉलरांच्या (जाळं ओढत नेणाऱ्या बोटींच्या) पकडीवर बराच विसंबून होता, आणि ट्रॉलर उरलेले थवे शोधून तिथेच जाळं टाकत, त्यामुळे आकडा फुगलेला दिसे. जुलै १९९२ मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली.

"मेळ बसत नाही." कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या क्वे नदीवर हाइल्टसुक हा आदिवासी समाज जुन्या धर्तीचा लाकडी बांध घालतो. त्यात अडकलेल्या सॉकाय सामनला (समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या माशाला) बारीक इलेक्ट्रॉनिक टॅग लावून पुढे सोडतात आणि किती मासे वर गेले याचा अंदाज काढतात. बांध कुठे आणि कसा घालायचा हे परंपरेकडून, गणित विज्ञानाकडून. मात्र खुल्या समुद्रात सामनची वर्षं कशी जातात, हे नदीकाठावरून कळणार नाही. पाणी तापतंय तशा ऋतूंच्या जुन्या खुणाही चुकू लागल्या आहेत. म्हणून दोन्ही हवीत.

"जास्त मासे हवेत म्हणून." ब्रिटिश कोलंबियाजवळच्या हैदा ग्वाई बेटांवरच्या हेरिंग माशाचं प्रकरण बघा. तिथले आदिवासी हैदा लोक केल्पवर (समुद्री शेवाळावर) चिकटलेली अंडी काढतात, मासा जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. व्यापारी मासेमारीत गाबोळीसाठी मासाच मारला जातो. २०१४ मध्ये कॅनडाच्या मत्स्यमंत्र्यांनी बंद असलेली क्षेत्रं खुली करायचं ठरवलं, आणि त्यांच्याच खात्यातल्या शास्त्रज्ञांचा सल्ला विरुद्ध होता. २०१५ मध्ये हैदा न्यायालयात गेले आणि मासेमारी थांबवणारा मनाई हुकूम मिळवला. "मासे पकडू नका" असं म्हणत कोर्टात जाणाऱ्यांवर हावरटपणाचा आरोप करणं मला अन्यायाचं वाटतं. इथे विज्ञान विरुद्ध परंपरा असा सामनाच नव्हता. दोन्ही एका बाजूला होती.

२०१९ मध्ये कॅनडाच्या मत्स्य कायद्यात दुरुस्ती झाली. मंत्र्यांना निर्णय घेताना त्यांच्यापुढे मांडलेलं आदिवासी ज्ञान विचारात घेता येतं, माशांच्या अधिवासाबद्दलच्या काही निर्णयांत ते घ्यावंच लागतं, आणि गोपनीय म्हणून दिलेली माहिती काही अपवाद सोडता लेखी संमतीशिवाय उघड करायची नाही. पण "विचारात घेणं" म्हणजे मानणं नव्हे. अंतिम शब्द अजूनही मंत्र्यांचाच आहे, म्हणून मागणी आहे ती ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसायला जागा मिळावी याची.