अण्णा मयतीला का जात नाहीत

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चघळला जातोय: बोगस बहिरे. बदलीत सवलत मिळावी म्हणून कर्णबधिर असल्याचं प्रमाणपत्र काढलेले गुरुजी आणि कर्मचारी. बीड जिल्हा परिषदेत काही वर्षांपूर्वी अशा शिक्षकांची फेरतपासणी झाली, काही निलंबित झाले. पुढे राज्यभर दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पडताळायचे आदेश निघाले आणि विनोदांना ऊत आला. शिपाई दाराशी हळूच 'पगार झाला' म्हणतो आणि बहिरे गुरुजी सगळ्यात आधी पळत सुटतात, असला एक विनोद मला चार जणांकडून आला. हसले मीही. खोट्या कागदावर सोय लाटणाऱ्याची नोकरी गेली तर मला काडीचं वाईट वाटणार नाही.

पण या विनोदाच्या पोटात एक समजूत दडलीय. बहिरा म्हणजे ज्याला काहीच ऐकू येत नाही तो, आणि ज्याला कधी येतं, कधी येत नाही, तो सोंगाडा. 'त्याला त्याच्या कामाचं बरोबर ऐकू येतं' हे वाक्य परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरात म्हाताऱ्या अण्णांबद्दल रोज बोललं जातं. माझ्याबद्दलही बोललं जायचं. लहानपणी माझा उजवा कान फुटला तो वाहतच राहिला. दर पावसाळ्यात आजी कोमट गोडेतेल घालून वर कापसाचा बोळा लावायची. पडद्याला भोक असलेल्या कानात तेल घालणं म्हणजे दुखण्याला खतपाणी, पण हे आम्हाला कोण सांगणार? लग्न जमवताना आईनं एवढंच बजावलं होतं, 'पाव्हणे डाव्या अंगाला बसतील असं बघ.' डाव्या अंगाला बसले. लग्न झालं. नवऱ्याबरोबर इंग्लंडात आले, आणि माझा कान पहिल्यांदा कुणीतरी नीट तपासला तो इथं, बोल्टनमध्ये.

वयानं किंवा आवाजानं कान जातो तेव्हा बहुतेकदा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. 'आ', 'ओ', 'ऊ' खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. 'स', 'श', 'फ', 'क' यांचा जोर वरच्या पट्टीत, ते पुसट होतात. मग माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. समोरच्याचा चेहरा दिसत असेल, ओसरीत शांतता असेल, विषय ओळखीचा असेल तर गाळलेल्या जागा डोकं भरून काढतं. पंखा, टीव्ही आणि तिघंजण एकदम सुरू झाले की संपलं. जेवायच्या वेळेला 'जेवायला या' हे कळतंच, कारण त्या वेळेला दुसरं काय बोलणार? त्याला आपण मतलबी म्हणतो. ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोललं, की अण्णा खेकसतात, 'वरडायलास कामून?' हेही सोंग नव्हे. कानाच्या आतल्या पेशी मेल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम सहन होत नाही. दोन्हींमधली जागाच आखडते.

अण्णांनी उभा जन्म जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर म्हणून काढला. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रात्रपाळ्या, आणि जिनांच्या रांगेत उभं राहून बेअरिंग गरम झालं का ते हात लावून पाहायचं. कानात घालायला काय, तर तिथलीच रुईची चिमट. जळगाव भागातल्या जिनिंग कामगारांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये छापून आला होता. त्यात आवाज ९० डेसिबलच्या पुढे आणि बहुतेक कामगारांना कमी ऐकू येत असल्याचं आढळलं होतं. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये ८५ डेसिबलला मालकानं कानाचं संरक्षण पुरवून ते वापरून घेणं सक्तीचं आहे. आवाजानं जाणारा कान हा भारतातही कामगार सुरक्षेच्या कायद्याच्या परिशिष्टातला नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे, म्हणजे कागदावर सगळं आहे. अण्णांच्या जिनिंगवर हंगामी कामगारांच्या कानात कुणी बॅटरी मारून पाहिली नाही.

गंमत म्हणजे मी राहते ते गावही कापसाचंच. लँकशायरच्या या पट्ट्यात मागांच्या शेडमध्ये एवढा दणदणाट असायचा की बायकांनी ओठांची आणि चेहऱ्याची ठळक हालचाल करून बोलायची रीतच काढली होती. तिला इथे 'मी-मॉइंग' म्हणतात. बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये वाफेवरचे जुने माग जतन केलेत. मूठभर माग चालू केले तरी शेजारच्याचं बोलणं कळत नाही. अण्णा आणि त्यांचे जोडीदार जिनिंगवर असंच हातवाऱ्यांनी बोलायचे. दोन अंगठे वर म्हणजे गठाण बांधून तयार. तेच हातवारे अण्णा घरी करायला लागले तेव्हा आम्ही पोरं त्यांच्या नकला करायचो.

इथल्या दवाखान्यात मला जे सगळ्यात वेगळं वाटलं ते श्रवणयंत्र नव्हतं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी बंद खोलीत बसवून 'टुं' ऐकू आलं की बटण दाबायची चाचणी घेतली, ती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यातही होते. मग यंत्राच्या खोक्याला हात न लावता त्यांनी विचारलं, 'कुठे अडतं?' मी म्हटलं, सगळीकडे. त्यांनी ते लिहून घेतलंच नाही. 'सगळीकडे म्हणजे कुठे, कुणाशी बोलताना?' मग मला सांगावं लागलं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिथे काचेपलीकडून म्हातारी माणसं गोळ्यांची नावं पुटपुटतात. गाडीत लेक मागच्या सीटवरून बोलते. रविवारी गावाकडचा फोन. हे लिहून झाल्यावर बाईंनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मराठी म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याला मराठीत काहीतरी बोलायला सांगितलं आणि माझं यंत्र त्या आवाजावर जुळवून पाहिलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, 'आज भाजी काय करायची?' कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून हा प्रश्न पहिल्यांदा आला, आणि तो मला उजव्या कानानं ऐकू आला.

अशी यादी करायची पद्धत ऑस्ट्रेलियातले श्रवणतज्ज्ञ हार्वे डिलन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. पेशंटनं स्वतःच्या अडचणीच्या जास्तीत जास्त पाच जागा सांगायच्या आणि काही आठवड्यांनी त्याच यादीवर बोट ठेवून काय सुधारलं ते पाहायचं. डेन्मार्कमध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या आयडा इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेनं याच विचारावर साधनं बनवली. त्यातलं एक म्हणजे नुसती शून्य ते दहाची रेघ. तुम्हाला ऐकणं सुधारणं किती महत्त्वाचं वाटतं, आणि यंत्र वापरणं आपल्याला जमेल असं किती वाटतं? दोन खुणा करायच्या. पहिली आठावर आणि दुसरी दोनावर असली तर यंत्र बांधून देण्याची घाई करू नये, आधी हा माणूस कशाला बिचकतो ते बघावं. (या संस्थेला पैसा श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेल्या प्रतिष्ठानाचा, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण रेघ ओढायला कंपनी लागत नाही.)

आता आमच्याकडचं. तालुक्याला एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. अण्णा सकाळी सातला गेले, दुपारी दोनला नंबर लागला. तपासणी झाली, यंत्र कानात घातलं, 'येतंय का?' 'येतंय.' खोकं हातात, स्टेजवर पुढाऱ्याबरोबर फोटो, घरी. यंत्र बरं होतं, मी व्हिडिओवर पाहिलंय. पण कानाच्या मापाचा साचा नव्हता, रबरी टोपी सैल बसायची आणि अण्णा जबडा हलवतील तसं ते शिट्टी मारायचं. सेलवर चिकटलेला रंगीत कागद काढला की सेलला हवा लागते आणि तो सुरू होतो, यंत्र बंद असलं तरी उतरत जातो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फिटर माणूस, कागद काढायचेच आहेत तर एकदाच काढू म्हणून त्यांनी पाकिटातल्या सगळ्या सेलांचे कागद पहिल्याच दिवशी सोलून ठेवले. पंधरवड्यात सगळे मेले. तालुक्याच्या मेडिकलवर तो सेल मिळेना. यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेलं, आणि शिबिराच्या अहवालात अण्णा 'लाभार्थी' म्हणून कायम राहिले.

धाकटा चुलतभाऊ ग्रुपवर म्हणाला, 'ताई, तिकडं बसून सांगणं सोपं आहे. तिकडं सगळं फुकट.' फुकट आहे खरं. सरकारी दवाखान्यातून यंत्र वापरायला मिळतं, सेल मिळतात, दुरुस्ती होते. पण तपासणीच्या तारखेसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. कानातला मळ काढणं अनेक भागांत सरकारी डॉक्टरांनी बंद केलंय, त्याला खासगीत पन्नास पौंडांच्या पुढे मोजा. आणि एवढं असूनही इथले लोक कान कमी झाल्यावर मदत मागायला सरासरी दहा वर्षं लावतात असं इथल्या संस्था सांगतात, म्हणजे लाज काही आपलीच मक्तेदारी नाही. माझ्या शेजारच्या आजींचं यंत्र बारकाईनं जुळवलेलं आहे. त्यातून त्या दिवसभर टीव्ही ऐकतात, कारण बोलायला येणारं दुसरं कुणी नाही. अण्णांच्या ओसरीवर दिवसाकाठी दहा माणसं येतात. यंत्र नीट चाललं तर त्याचा उपयोग बोल्टनपेक्षा सेलू-मानवतच्या पट्ट्यात जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून तर मला राग येतो.

तर मी थोरल्या भावाला सांगितलं, त्या बाईंसारखं अण्णांना विचार. कागद-पेन घेऊन, समोर बसून, पंखा बंद करून. कुठे अडतं? आम्हाला वाटलं हरिपाठ म्हणतील, नातवांचा फोन म्हणतील, बाजार समितीतला लिलाव म्हणतील. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'मयतीला.'

मयतीच्या घरी लोक दबक्या आवाजात बोलतात, मान खाली घालून. ओठ दिसत नाहीत. गेल्या वर्षी गल्लीतली एक तरणी सून गेली. सावडायच्या दिवशी तिच्या सासऱ्यानं अण्णांना काहीतरी सांगितलं, अण्णांना वाटलं पाहुणे सुखरूप पोचल्याचं सांगतोय. ते म्हणाले, 'बरं झालं बाबा.' तो सांगत होता की तिचं दूधपितं लेकरू रात्रभर रडलं. तेव्हापासून अण्णा कुणाच्या मयतीला जात नाहीत. भावकी म्हणत होती, म्हातारा माणूसघाणा झालाय. ज्या माणसानं आयुष्यभर गावातल्या प्रत्येक तिरडीला खांदा दिला, त्याच्याबद्दल.

भावानं मग त्यांना परभणीला नेऊन कानाचा साचा करून घेतला. शिट्टी बंद झाली. तंत्रज्ञानं एक साधी गोष्ट सांगितली: घोळक्यात उभं राहू नका, एका माणसाच्या शेजारी बसा, बरा कान त्याच्याकडे करा, आणि त्याला आधीच सांगा की मला कमी येतं. यातलं शेवटचं अण्णांना अजून जड जातंय.

पैशांचं म्हणाल तर योजनांची वानवा नाही. केंद्राची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना १९८१ पासून आहे, म्हाताऱ्यांसाठीची राष्ट्रीय वयोश्री २०१७ पासून. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांपुढच्या गरजूंच्या खात्यात एकदाच तीन हजार टाकते, आणि त्या पैशात घेता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत चष्मा, काठी, कमोड खुर्चीबरोबर श्रवणयंत्रही आहे. तीन हजारांत आवाज नुसता वाढवणारं काहीतरी येतं. जुळवून दिलेलं यंत्र येत नाही. यातली प्रत्येक योजना वस्तू किंवा पैसे देऊन मोकळी होते. दुसऱ्या भेटीचे, साच्याचे, सेलांचे पैसे कुठल्याच रकान्यात ठळक दिसत नाहीत. शिबिर घ्यायचंच तर महिन्यानं त्याच मंगल कार्यालयात त्याच लोकांना परत बोलवावं. तेव्हा नवं एकही यंत्र वाटू नये. फोटोसाठी त्या दिवशी फारसं काही नसेल, त्याला इलाज नाही. आशाताईंना सेल बदलायला आणि यंत्र पुसायला शिकवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रमाणपत्राचं आणखी एक. जागतिक आरोग्य संघटना बऱ्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे ऐकणं कमी झालं तर त्या माणसाला मदतीची गरज आहे असं धरते. तिच्या २०२१ च्या अहवालात असे लोक जगात ४३ कोटींच्या वर आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारा' व्हायला दोन्ही कानांत ६० डेसिबल लागतात. आरक्षणासाठी उंबरठा उंच असावा, हे मला मान्य आहे. पण ३५ ते ६० च्या मधली माणसं कुणाच्याच यादीत येत नाहीत. त्यात अण्णा आहेत, आणि त्या ग्रुपवर विनोद पाठवणाऱ्यांपैकी दोन काका तर नक्कीच आहेत. त्यांच्या फोनचा स्पीकर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा महाराष्ट्रात नियम आहे. सेल आणि साचे यातून सहज होतील, म्हणून भावानं ग्रामसेवकाला विचारलं की गेल्या वर्षी या पैशांचं काय केलं. भिंतीवरची घड्याळं घेतली, प्रत्येकी एक. अण्णांना तेही मिळालं नाही, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. पुढच्या ग्रामसभेत भाऊ सेलांचा अर्ज देणार आहे, आणि त्यावर सह्या घ्यायला त्यानं आधी त्या दोन काकांनाच गाठलंय.